दादाने आमच्या तळ्यावर अख्खं मंडळ आणलं

आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवंय, नाहीतर डोकं फुटेल माझं! माझ्या सख्ख्या भावाने आमचं तळं घालवलं.

हॅमिल्टनच्या बाहेर एका शेतकरी आजोबांच्या कुरणात छोटंसं तळं आहे. इथे सप्टेंबरात स्प्रिंग लागला की पर्च मासे काठाशी येतात, अंगावर पट्टे, पर लालभडक. गळाला गांडूळ लावलं की हीप्स मिळतात, अगदी ढिगाने! मागच्या वर्षी मीच धीर करून आजोबांचं दार वाजवलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघंच यायचं. आणि फाटक लावून जायचं." दादाने गाडीतच शपथ घातली, "आईलाही सांगायचं नाही हं."

मी कुण्णाला सांगितलं नाही.

काल दादा मंडळाच्या कामाला म्हणून सकाळीच गेला, म्हणून मी एकटीच तळ्यावर पोचले. बघते तर काय, कुरणात गाड्याच गाड्या! झांजा, "पुढच्या वर्षी लवकर या!" आमच्या मराठी मंडळाचं गणपती विसर्जन, चक्क आमच्या तळ्यात! काका लोक कमरेएवढ्या पाण्यात, फाटक सताड उघडं, गाई रस्त्यावर. एक काकू म्हणाल्या, "किती गुणी भाऊ गं तुझा! जागेची परवानगीसुद्धा यानेच काढली."

मी दादाला बाजूला ओढलं. "कुणाची परवानगी?"

"अगं, आपल्याला आहेच ना. चिल. मूर्ती मातीची आहे."

"दोघांना आहे! दोघांनाच!"

"आता इथे तमाशा नको हं करूस."

तेवढ्यात आजोबा त्यांच्या चारचाकी क्वाड बाइकवरून आले. झांजा थांबल्या. ते थेट माझ्याकडे आले, कारण दार मी वाजवलं होतं ना! ओरडलेसुद्धा नाहीत. "मला वाटलं होतं, तू शब्द पाळशील," एवढंच. मी थांबले, आता दादा बोलेल म्हणून. तो प्रसादाचं ताट धरून काकांच्या मागे सरकला!!

गाई मी वळवल्या आजोबांबरोबर, पायातल्या जँडल्स, रबरी चपला हो, चिखलात रुतत होत्या. मग त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि मला म्हणाले, "आता येऊ नकोस."

संध्याकाळी दादा म्हणतो, "सॉरी यार, दुसरं तळं शोधू की."

"तू गप्प का बसलास ते सांग!"

तर हा हेडफोन लावून बसला.

तुमच्या घरच्या माणसाने असं समोर उभं राहून तुम्हाला एकटं पाडलंय का कधी? सांगा ना!