शजऱ्यात नसलेली पणजी

गेल्या ईदला शारजात चाचांच्या घरी जेवणं झाली आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक गुंडाळी ठेवली. आमच्या खानदानाचा शजरा, म्हणजे वंशावळ. सात पिढ्या, चकचकीत कागद, कडेला हिरवी नक्षी. मी अब्बांचं नाव शोधलं, मग आजोबांचं, पणजोबांचं. सगळे पुरुषच.

"पणजी कुठाय?" मी विचारलं.

"शजऱ्यात बायका नसतात."

"इतर नसतील. पण ती तर समुद्र ओलांडून आली होती."

"तिचा विषय काढायचा नाही. खलास." चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. मी विषय सोडला, पण तेवढ्यापुरताच.

पणजोबा आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होते. एका फेरीहून ते रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी परतले ते बायको आणि लहान मुलगा घेऊनच. बायको क्यूबाची. निकाहाच्या वेळी तिला नवं नाव मिळालं, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. गावाला ती शेवटपर्यंत 'बोटवाली'च. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. एवढं अब्बांनी मला लहानपणी सांगितलं होतं. चाचा मात्र बाहेरच्यांना सांगायचे की आपली आजी मुंबईची.

मी दुबई मरीनातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिथली एक नर्स क्यूबाची आहे. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी तिला गाठलं. म्हटलं, माझी पणजी तुमच्याकडची, पण नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, सुरुवात कुठून करू?

"कॉम्प्युटर बंद कर," ती म्हणाली. "घरात सगळ्यात म्हातारं जे कोण असेल त्याला फोन लाव. गावाचं नाव मिळव, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं, एक आईकडचं. दोन्ही लागतील."

सगळ्यात म्हाताऱ्या म्हणजे फुफी, अब्बांची थोरली बहीण. गावीच असतात.

"फुफी, बोटवालीचं खरं नाव काय होतं?"

"तुला कशाला हवंय?"

"माझी पणजी होती म्हणून."

"चाचाला विचारलंस?"

"नाही. तुम्हाला विचारतेय."

फुफींनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी फोनवर एक फोटो आला. घड्यांवर फाटलेला पिवळा कागद, अक्षरं परकी. मागोमाग फुफींचा आवाज: "आईने माझ्याकडे दिला होता. भावांना दाखवू नको म्हणाली होती. तू काही भाऊ नाहीस."

नर्सने लंच ब्रेकमध्ये तो कागद वाचला. माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला, सिएनफुएगोस नावाच्या बंदरातल्या चर्चचा. आईचं पूर्ण नाव, दोन्ही आडनावांसकट. आईच्या आईवडिलांची नावं. मग ती अडखळली.

"बापाचं नाव नाहीये," ती हळूच म्हणाली. "लग्नाशिवाय झालेलं मूल, असं लिहिलंय."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समोरचा डबा तसाच राहिला. म्हणजे पणजोबांचं आणि आमचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. मूल दुसऱ्या कुणाचं असलं, तर शजऱ्यातली पणजोबांपासून वरची सगळी नावं आमची नव्हतीच. पण हेही खरं, की एका कोळसा टाकणाऱ्या खलाशाने बिनबापाच्या पोराला उचलून समुद्रापार आणलं, आपलं नाव दिलं आणि मरेपर्यंत ते परत मागितलं नाही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी टिश्यूने डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं.

संध्याकाळी चाचांना फोन केला. त्यांना सगळं माहीत होतं.

"आता काय गावभर सांगत सुटणार? माझ्या नातींची लग्नं व्हायची आहेत!"

"त्यांना सांगा, की त्यांचा खापरपणजोबा तुमच्यापेक्षा मोठ्या मनाचा होता."

"जबान सांभाळ."

"इतकी वर्षं सगळ्यांनी सांभाळलीच ना? एका बाईचं नाव पुसलं गेलं त्यात. मी नाही सांभाळणार."

रात्रीच्या जेवणाआधी मला फॅमिली ग्रुपवरून काढून टाकलं होतं. मी फुफी आणि तीन चुलत बहिणींना घेऊन दुसरा ग्रुप काढला आणि पहिला फोटो त्या दाखल्याचा टाकला.

मग नर्सच्या मदतीने चर्चला स्पॅनिशमध्ये पत्र लिहिलं. पणजीच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळेल का? माझी मुलगी मागून स्क्रीनवर डोकावली. "ममा, आर यू शुअर? चाचा-दादा विल नेव्हर फरगिव्ह यू."

"शुअर," मी म्हटलं आणि पाठवून दिलं.

पाच महिने काही नाही. मी दर महिन्याला तेच पत्र परत पाठवत राहिले. सहाव्या महिन्यात जुनी पुस्तकं सांभाळणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं. नोंद सापडली होती. तिच्या पाठच्या दोन बहिणींच्याही नोंदी होत्या, आणि समासात त्या दोघींच्या लग्नांचा उल्लेख. पणजीच्या नावापुढचा समास कोरा. दोन्ही कागदांवरच्या तारखा जुळवल्या तर आजोबा झाले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

मी फुफींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिचं नाव त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. 'र' त्यांचा कोकणीच लागला.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "आणि परत कधी बहिणींना भेटली नाही."

"नाही."

"मग तू जाऊन भेट."

चाचा अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्या दोन बहिणींच्या मुलानातवंडांचा पत्ता लावलाय, आणि जानेवारीच्या रजेचा अर्ज कालच दिला.