पलंगावरचे पाहुणे

वादळाचा इशारा आला तेव्हा शेजारचे काशिनाथभाऊ छपरावर चढून सोलरची पॅनेलं उतरवत होते. वनितावहिनी ती घरात नेऊन पलंगावर ठेवत होत्या, वर गोधडी घालत होत्या.

"ती वाऱ्याला टिकतात म्हणे ना?" मी खिडकीतून विचारलं.

"होडीही टिकते," भाऊ म्हणाले, "म्हणून वादळात समुद्रात ठेवायची काय?"

मला हसू आलं आणि पटलंही. पाय रोवून उभं राहण्यालाच आपण बळ समजतो. आमच्या कोळीवाड्याला वेळेवर किनारा गाठणंही ठाऊक आहे.

वादळ गेलं. जाताना विजेचे खांब आडवे करून गेलं. ऊन पडताच पॅनेलं छपरावर परतली. चढवण्याआधी वहिनींनी त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, होडी पुन्हा पाण्यात लोटताना फोडतात तसा. दुपारी त्यांच्या ओटीवर सगळ्या आळीचे मोबाइल चार्ज होत होते आणि आत वहिनींच्या सासूबाईंचं दम्याचं मशीन निवांत घरघरत होतं. मीही फोन घेऊन गेले.

"पलंगावर पॅनेलं होती, मग तुम्ही झोपलात कुठे?"

"खाली," वहिनी हसल्या. "घरात पाहुणे आले की आपण खालीच झोपतो ना!"