सतरावा तुकडा

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या घरी एक समारंभ झाला. आमची जुनी गोधडी पेटीतून काढून भिंतीवर टांगली होती, आणि तिच्याखाली बसून तीन माणसांनी तिच्या तीन जन्मकथा सांगितल्या. पुतण्या म्हणाला, ही अंगणातल्या रांगोळीवरून उतरवलेली आहे. जुन्या जालन्यातल्या ज्या कापडवाल्या घराण्याकडून आम्हांला कातरण मिळत असे, त्यांचा नातू म्हणाला, हा नमुना त्याच्या आजीने माहेरून, मारवाडातून आणला होता. भजनी मंडळातला एक म्हातारा, ज्याला त्या काळी झांजही धड धरता येत नव्हती, म्हणाला की कल्पना मूळ मंडळाच्या बुवांची. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. मला कमी ऐकू येते, पण इतके कमी नाही. ज्याने ती गोधडी योजली तो माणूस समोर चहा पीत असताना त्याला एका शब्दाने विचारावे, असे कोणालाही वाटले नाही.

तिन्ही कथा खोट्या आहेत. चौथी एक कथा पुतण्याने घराण्याच्या पुस्तिकेत छापायला घेतली आहे. ती माझी स्तुती करणारी आहे, आणि तीही खोटी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

निजामाचे राज्य जाऊन पाचेक वर्षे झाली होती. जालन्यात मस्तगडला माझे शिवणाचे दुकान होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी गल्लीतल्या मंदिरात मी भजनाला पखवाज धरीत असे. लोकांना वाटते की शिंपी आणि पखवाजी ही दोन माणसे एका अंगात वेगवेगळी राहतात. तसे नसते. कात्री चालवताना माझ्या मनात ठेका चाले आणि ठेका धरताना बोटांना कापड आठवे.

भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या चार भरीच्या, म्हणजे डाव्या हाताचा घुमारा असलेल्या. पुढच्या चार खालीच्या, तेथे डावा हात गप्प राहतो. एका गुरुवारी पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक वाळून पडली आणि घुमाराच नाहीसा झाला. सगळा ठेका खालीचा झाला. तेव्हा प्रथमच मला उमगले की खाली म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो तोच आवाज असतो, फक्त त्यातला जोर धुऊन गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यासमोर लाल खारव्याची दोन कातरणे पडली होती, एक कोरे, एक धुऊन धुऊन विटलेले. कापड एकच. भरी आणि खाली माझ्यासमोर शेजारी शेजारी पडली होती. रांगोळी, मारवाड, बुवा, यांतले त्या वेळी दुकानात कोणीही नव्हते.

मी ठरवले की ठेका कापडात उतरवायचा. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, काळे ठिगळ, भरीच्या उरलेल्या तीन मात्रांना कोरा खारवा, खालीच्या चार मात्रांना विटका. ठिगळ चार इंचांचे. आमच्याकडे गोधडी कडेपासून शिवायला घेतात आणि घेर घेत घेत मध्याकडे जातात, म्हणजे तीही आवर्तने घेतच पुढे सरकते. हे मी मंडळात बोलून दाखवले, आणि तेथून माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागले. एकाने विचारले की मंग पखवाजाला सदरा शिवणार का. बुवा हसले नाहीत, पण त्यांचे बोलणे हसण्यापेक्षा वाईट होते.

“मास्तर, ठेका गोल फिरतो. कापडाला कोपरे असतात. ज्याला कोपरे हायत त्याच्यात ताल बसत न्हाई.”

कल्पना बुवांची होती असे म्हणणाऱ्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. मी त्या सगळ्यांसमोर सांगितले की येत्या शेतकी प्रदर्शनाच्या आत गोधडी करून दाखवीन, आणि न जमल्यास पखवाजाला हात लावणार नाही. तरुण होतो. शब्द तोंडातून गेला होता.

शिवणार होत्या माझ्या वहिनी, थोरल्या भावाच्या पत्नी, या पुतण्याच्या आई. बदनापूरकडच्या शेतकरी घरातल्या. गोधडीच्या चार पदरांतून सुई अशी सरळ काढीत की धावदोरा मोजपट्टीने आखल्यासारखा दिसे. मी मशीनवरचा माणूस. जाड पदरांपुढे माझे मशीन आणि माझी बोटे दोन्ही निरुपयोगी होती, हे मान्य करण्यात मला कमीपणा नाही.

आठाची दुप्पट सोळा, म्हणून प्रत्येक बाजूला मी सोळा ठिगळे धरली. बाजूला दोन आवर्तने, चार बाजूंना आठ. हिशेब इतका सरळ होता की तो तपासावा असे मनातही आले नाही. वहिनींनी एका कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिली बाजू संपली, दुसरी लागली, आणि त्यांनी मला हाक मारली.

“भावजी, विटकं ठिगळ कोपरा मागून राह्यलं, अन् काळंबी तोच मागून राह्यलं. जागा एकच हाय. कोणतं घालू?”

मी म्हणालो, अर्थात काळे, सम आहे ती. त्यांनी ते घातले. मग विटक्या चारातले एक कमी पडले. घेर पुरा झाला तेव्हा चौसष्टच्या जागी साठच मात्रा भरल्या, आणि प्रत्येक वळणावर ठेका ठेचकाळत होता. मी त्यांच्यावर ठपका ठेवला. म्हणालो, तुम्ही मोजायला चुकला. त्यांनी उसवले, पुन्हा शिवले, पुन्हा साठ. मग मी खारव्याला दोष दिला, की तो आटला असेल. तिसऱ्यांदा उसवताना त्यांच्या बोटात सुई गेली आणि कोऱ्या लालवर एक वेगळा लाल ठिपका पडला. त्या बोट पुसून उसवत राहिल्या. मी मात्र बोलत होतो. त्या दिवसांत दुकानात गिऱ्हाइकाचे माप घेताना माझ्या तोंडून ‘सोळा’ निघे आणि गिऱ्हाईक बिचारे आपली छाती बघत राही. गुरुवारी मंडळात विचारपूस होई, गोधडीचे झाले का, की नुसतीच तिहाई, तेच तेच तीनदा, चालू हाय.

चौथ्यांदा उसवायला सांगितले, तेव्हा वहिनींनी सुई पदराला टोचून ठेवली.

“एक विचारू का, भावजी? माझ्या बापाच्या गोठ्याला कोणत्याबी बाजूनं बघा, चार मेढी रोवलेल्या दिसतात. मंग समद्या मिळून मेढी किती तोडल्या असतील?”

मी म्हणालो, सोळा.

“बारा. कोपऱ्यातली मेढ दोन्ही बाजूंची असते. तुम्ही तिला दोनदा मोजून राह्यले, अन् उसवायला मला लावून राह्यले. बाजूला सतरा घ्या.”

मी उसळलो. म्हणालो, सतरा मात्रांचा ठेका या मुलखात कोणी ऐकलेला नाही.

“ठेका तुमचा आठाचाच राहू द्या की. मी ठिगळांचं बोलले.”

मी उठून दुकानात गेलो आणि एक पूर्ण आठवडा हे मान्य केले नाही. मग एका दुपारी कापायच्या फळीवर खडूने सतरा घरांचा चौकोन आखला. बाहेरचा घेर चौसष्ट. त्याच्या आतला छप्पन्न. मग अठ्ठेचाळीस, चाळीस, बत्तीस, चोवीस, सोळा, आठ. प्रत्येक घेर आठाने पुरा भागला जात होता, एकही मात्रा कुठे सांडत नव्हती, आणि सगळे घेर संपल्यावर मधोमध एकच घर उरत होते. तेथे सम. मी फळीवर हात टेकून उभा राहिलो. आनंद झाला असे लिहिले तर ते खोटे होईल. संताप झाला. इतकी वर्षे समेवर येणाऱ्या माणसाला हे दिसले नाही, आणि जिला ठेक्याचा एक बोल येत नव्हता तिला गोठ्याच्या मेढीवरून दिसले.

घरी जाऊन मी एवढेच म्हणालो, सतरा घ्या. वहिनी म्हणाल्या, “बराबर,” आणि दोरा ओवला.

गोधडी वेळेत झाली. आतल्या घेरांत काळी ठिगळे कोपऱ्यांवरून सरकत जात, त्यामुळे सगळी चौकट भोवऱ्यासारखी फिरते आहे असे वाटे. हे मी योजलेले नव्हते, पण ते ठेक्यातूनच आलेले होते.

प्रदर्शन बदनापूरला भरले. वहिनी आणि मी रेल्वेने गेलो. मांडवात पोचलो तो गोधडीवर कार्ड टाचलेले: ‘रांगोळी नमुना’. पुतण्याच्या कथेचे मूळ हे कार्ड आहे, दुसरे काही नाही. मी तेथल्या साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, ठेका असेल तर दाखवा. मी कोपऱ्यातल्या काळ्यावर बोट ठेवले, दुसऱ्या हाताने मांडवातल्या फळीवर मात्रा धरल्या आणि बोल म्हणत निघालो. पहिल्या घेराला लोक हसत होते. तिसऱ्या घेराला दोघातिघांच्या माना हलू लागल्या. मधल्या काळ्या ठिगळावर बोट आणि थाप एकदम पडली, तेव्हा आमच्या मंडळातल्या, केवळ माझी फजिती पाहायला आलेल्या दोघांनी नकळत टाळीने सम दिली.

साहेबांनी स्वतः कार्ड फाडले. नवे लिहिता लिहिता त्यांनी विचारले की आठाच्या ठेक्याला बाजू सतराची, हे कसे काय सुचले. वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, गोधडीची कड हातात धरून. मंडळातले ते दोघे समोर होते.

“मोजलं मी,” मी म्हणालो.

कार्डावर माझे नाव लागले. खाली लहान अक्षरांत: शिवण, घरातील महिला.

परतीच्या गाडीत वहिनी माहेरच्या, आपल्या भावाच्या शेताविषयी, पिकाविषयी बोलत राहिल्या. जालना स्टेशनात उतरल्यावर पदर सारखा करीत त्या म्हणाल्या, “भावजी, तुम्ही खोटं न्हाई बोलले. मोजलं तर तुम्हीच होतं. सोळा मोजलं होतं.”

आणि पुढे चालू लागल्या. माझ्यापाशी पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा आणखी गोधड्या होत्या. दर्ग्याच्या दगडी जाळीवरून एक, सात मात्रांच्या ठेक्यावरून दुसरी. मी तुकडे कापले, गठ्ठे बांधून वहिनींपुढे ठेवले. त्यांनी कधीच नकार दिला नाही. “सवड न्हाई, भावजी,” एवढेच. त्याच वर्षी त्यांनी घरासाठी तीन साध्या वाकळा शिवल्या. मी एकदा स्वतः सुई घेऊन बसलो. चार पदर एकमेकांवरून सरकले, मधे फुगा आला, आणि सात मात्रा घेरात बसेनात. कोणता कोपरा कोणाचा, हे सांगणारे माणूस स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि मी विचारायला गेलो नाही. ते गठ्ठे तसेच राहिले. वहिनी जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली.

पुतण्याच्या पुस्तिकेत छापले जाते आहे की ‘काकांनी गणिताने सतरा ही संख्या शोधून काढली’. मी त्याला बोलावून सांगितले, हे खोडून टाक. सतरा तुझ्या आईचे. ठेका माझा, भरी-खाली माझी, खारवा माझा, त्यात कोणाला वाटा मागू देणार नाही. पण सतरा तिचे.

तो हसला. म्हणाला, “काका, हा तुमचा मोठेपणा हाय.”

मी आवाज चढवला. मेढीची गोष्ट सांगितली, स्टेशनातली सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आई त्या गोधडीबद्दल आयुष्यभर बोलली, काका. कुणी विचारलं की म्हणायची, भावजींनी मोजली, म्या शिवली. दुसरं काही बोललीच न्हाई. मंग तुमचं खरं धरू का तिचं?”

मजकूर छापखान्यात गेला आहे. पुतण्या म्हणतो, आता बदल होणे नाही.