एकाच चाकाची खूण

यंदा भाऊबीजेला ताईकडे बडोद्याला गेलो... अर्थातच सायकल घेऊन. दोन्ही चाकं काढून, पांढऱ्या चादरीत गुंडाळून ती बर्थखाली सरकवली होती. समोरच्या काकू रात्रभर त्या गाठोड्यापासून पाय वर घेऊन बसल्या.

भाऊजी रेल्वेत आहेत. त्यांची यंदाच बदली झाली आणि ताईचा संसार प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आला. त्यांच्यासाठीही गाव नवंच. भाऊजी म्हणतात, लोक बहिणीकडे मिठाई घेऊन जातात, हा पंक्चरचं सामान घेऊन येतो. पण नवं गाव मला सायकलवरूनच कळतं, त्याला माझा इलाज नाही.

ओवाळून झालं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बाहेर पडलो. लहरीपुरा दरवाज्याकडची दुकानं अजून बंद होती. खंडेराव मार्केटसमोर मात्र टेम्पोतून फ्लॉवरची पोती उतरत होती. तिथे चहा घेतला आणि मग दिसेल त्या गल्लीत सायकल घातली. नव्या गावात रस्ता विचारायचा नाही, हा माझा माज आहे.

असा फिरत फिरत विश्वामित्री नदीच्या काठाला लागलो. धुकं इतकं, की पुढचं चाक दिसायचं आणि त्यापलीकडे काहीच नाही. गाव मागे असूनही आवाज कसलाच येत नव्हता...

पायवाट चिखलाची होती. त्यात एक ताजी रेघ दिसली, डावी-उजवीकडे डुलत गेलेली. मला बरं वाटलं. आपल्यासारखाच कोणी वेडा एवढ्या सकाळी सायकल काढून पुढे गेलाय, आणि हँडल धड धरता येत नाही म्हणजे नवशिका दिसतोय, असं म्हणत मी त्या रेघेमागोमाग निघालो.

थोडं पुढे जाऊन रेघ खाली वळली... आणि सरळ पाण्यात गेली. परत आल्याची खूण कुठेच नव्हती.

सायकल वाटेवरच आडवी टाकली, हिंदीत हाका मारल्या. तो माणूस पाण्यात असेल तर आता वेळ घालवून चालणार नाही, एवढंच डोक्यात होतं. उतार घसरडा होता, बूट रुतत होते, तरी उतरलो.

पाण्याजवळ रेघेच्या दोन्ही बाजूंना पंजे उमटलेले दिसले. पाच बोटं, पसरलेली. बिचारा पडून हातांवर सरपटत गेला असणार... मी उकिडवा बसलो आणि का कोण जाणे, एका पंज्याशेजारी स्वतःचा हात टेकवून पाहिला. माझा हात लहान भरला.

मग ती रेघ नीट पाहिली, आणि अंगावर सर्रकन काटा आला. सायकल डुलत गेली की पुढचं चाक आणि मागचं चाक आपापली रेघ काढतात, त्या एकमेकींना छेदत जातात. इथे रेघ एकच होती. एका चाकावर, हातांनी सरपटत, नदीत काय गेलं असेल? खोटं कशाला बोलू, मला भूतच आठवलं. चाळिशीचा इंजिनिअर माणूस मी, पण रामरक्षेची पहिली ओळसुद्धा सुचेना.

तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"भाई, पाछा आवो. धीमे धीमे. दोडता नहीं."

ती ओरडली असती तर बरं, असं वाटलं. पाण्याकडे पाठ न करता, न धावता मी एकेक पाऊल मागे सरकत वर आलो. डोक्यावर पदर, हातात विळा घेतलेल्या बाई धुक्यात उभ्या होत्या, बकऱ्यांसाठी पाला तोडायला आलेल्या. खाली कोणीतरी बुडालंय, असं मी हिंदीत सांगू लागलो. माझं हिंदी ऐकताच त्यांनी ओळखलं; बडोद्यात बऱ्याच जणांना येतं तसं मराठी त्यांनाही येत होतं.

"मराठी छो? कोणी बुडालं नाही, भाई. ती आहे तिथे. कधीची तुमच्याकडे बघते आहे."

पाण्यावरचं धुकं तेवढ्यापुरतं फाटलं होतं; त्यांनी विळ्याने दाखवलं. मी बसलो होतो त्याच्या अगदी समोर, पाण्यावर दोन गाठी दिसत होत्या. आम्ही पाहत असतानाच त्या खाली गेल्या. साधा तरंगही उठला नाही.

मगर. इथल्या नदीत मगरी आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं म्हणे. मी ज्याला चाक समजून मागे लागलो होतो ती तिची शेपटी, आणि हात समजलो ते तिचे पाय.

मी चिखलाच्या हातांनीच सायकल उचलायला गेलो. बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं, चिखल धुवायला लावला, आणि आईने रागवावं तसं गुजरातीत मनसोक्त झापलं. तेवढ्यात ऊन आलं, धुकं जरा विरळ झालं. आम्ही दोघांनी सहज खाली पाहिलं.

चिखलात माझ्या बुटांचे ठसे होते. आणि पाण्यातून वर आलेली आणखी एक रेघ... ओली, चकाकणारी. मी हात टेकवला होता तिथवर ती आली होती आणि तिथूनच वळून परत पाण्यात गेली होती. माझ्या हाताचा ठसा पुसला गेला होता. बाईंनी माझी सायकल गावाच्या दिशेने वळवून दिली.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या त्या एका हळू हाकेमुळे मी आज बसून हे लिहितो आहे.

आणि ताई... घरी आल्यावर चाक चिखलात रुतलं होतं एवढंच तुला सांगितलं. खरं काय ते तू आता इथेच वाचते आहेस. तू ओवाळत होतीस तेव्हा माझं लक्ष मोबाईलमधल्या नकाशात होतं. पुढच्या भाऊबीजेला मोबाईल बाजूला ठेवून बसेन. सावकाश ओवाळ.