चैतातली आमंत्रणं आणि जनाआत्या

जनाआत्या गेल्याचा निरोप दर्यापूरच्या एस.टी.नं आलेल्या एका गाववाल्यानं अमरावतीला माझ्या कचेरीत आणला. रडू यायच्या आधी मी विचारलं, "कशानं?" ऊन लागलं, तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं, जवळ कोण होतं, आधी काय खाल्लं होतं... हा संशय तिचाच. तिनं मला वाढवलं, तेव्हा तोही अंगात मुरला.

आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी आमच्या विहिरीच्या पाण्याला घासलेटाचा वास आला. कोणी ओतलं ते कधीच कळलं नाही. त्यामुळे आत्याच्या लेखी ते सगळ्यांनीच ओतलं होतं. त्या उन्हाळाभर ती नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायची आणि आम्हाला देण्याआधी स्वतः चाखून पाहायची.

काही वर्षांनी चैतात रामनवमी आणि आमची चौदा एप्रिलची जयंती अगदी लागून आल्या. रामनवमीच्या जेवणाचं पाटलांकडून आमंत्रण आलं, तेही वस्तीत घरोघर. माणसं हरखली. आत्या चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "इतके वर्स नाही आठवलो, अन् याच चैतात काहून आठवून राहिलो?" एवढंच म्हणाली. जेवायला निघाली मात्र सगळ्यांच्या आधी.

अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. आमची पंगत वेगळी बसवली नव्हती, हेही तिला खटकलं. वरण वाढणाऱ्याचा हात तिनं अडवला आणि ओट्यावर बसलेल्या पाटलांना म्हणाली, "तुमाले जे म्हनायचं हाय ते पह्यले म्हना. मंग वाढा."

पाटील हसले, आधी जेवून तर घ्या म्हणाले. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्याकडे पाहून कोणीच पत्रावळीला हात लावेना. शेवटी पाटील बोलले. यंदा जयंतीची मिरवणूक मोठ्या रस्त्यानं नको, मागून नाल्याकडून न्या, म्हणजे गावात शांतता राहील... आत्या उठली. तिच्यामागे आमची सगळी माणसं उठली.

जयंतीला आम्ही मोठ्या रस्त्यानंच गेलो. दारं बंद होती. आत्या पुढे चालत होती, पण तिची नजर घरांच्या माळवदांवर. पाटलांच्या दारात मात्र त्यांची म्हातारी आई, सरस्वतीबाई, पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. आमच्या घशाला कोरड पडलेली. आत्यानं गडवा घेतला, वास घेतला आणि परत पुढे केला. "पह्यले तुमी प्या."

म्हातारीनं लेकाच्या देखत गडवा तोंडाला लावला. उरलेलं आत्या प्यायली. तो उष्टा गडवा म्हातारी तसाच घरात घेऊन गेली.

पुढे दर जयंतीला हेच. आता तरी पुरे कर, असं मी एकदा म्हटलं. म्हातारी चांगली आहे, आत्या म्हणाली, पण त्या घरात पाणी काय ती एकटीच भरते?

आत्याच्या तिसऱ्या दिवशी सरस्वतीबाई काठी टेकत वस्तीत आली. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या बायकोनं तिच्यापुढे चहा ठेवला. पिते की नुसता ओठाला टेकवून ठेवते, मी बघत राहिलो. तिनं कप उचलला.

"तुह्या आत्यानं मले कधी घरी बलावलंच नाही," ती म्हणाली. "मी आली असती."

आली असती का... मी विचारलं नाही. पण तिचा कप रिकामा होईपर्यंत जागचा हललो नाही.