अक्षता पडताना कॅमेरा कुठं होता

वडवणीच्या रईससमोर कुणी फिल्म स्कूलचं नाव काढलं की त्याला राग येई. आणि त्याच स्कूलचं पान त्याच्या मोबाइलवर रोज उघडलेलं असे. यंदा अर्ज करायचाच, असं तो सकाळी बायकोला, समिनाला, सांगायचा. संध्याकाळी स्वतःच मोडून काढायचा. "इतकी वर्सं लग्नं शूट करतोय. तिथले सर मला काय कॅमेरा धरायला शिकवणार?"

विजयसिंहांच्या मुलीच्या लग्नात हा प्रश्न आपल्या पायानं त्याच्यापुढं आला. विजयसिंहांची पुतणी राजनंदिनी त्याच स्कूलात दुसऱ्या वर्षाला होती. हातात छोटासा कॅमेरा, केस कसेतरी वर बांधलेले. "आमची नंदू डायरेक्टर होणार," विजयसिंह पाहुण्यांना सांगत होते. रईसला ते "ए शूटिंग, इकडं ये!" म्हणत. तिला लाडाचं नावसुद्धा होतं. त्याला साधंही नव्हतं.

त्याहून झोंबलं ते तिचं मोकळेपण. ती आचाऱ्यापाशी जाई, चपलांच्या ढिगाशेजारी बसे. रईसला स्टेज सोडता येत नव्हतं. त्याचा कॅमेरा बाहेरच्या एलईडी पडद्याला जोडलेला. आत जागा न मिळालेले लोक त्यावरच लग्न बघत होते.

आमच्याकडं शूटिंगचा एक नियम पक्का आहे: साहेब आले की कॅमेरा वळतो. शेवटच्या मंगलाष्टकाला फेटा बांधलेले एक पुढारी आले, निवेदकानं मधेच स्वागत पुकारलं आणि रईसचा हात आपोआप फेट्याकडं गेला. अक्षता पडल्या त्या दुसऱ्या, उभ्या करून ठेवलेल्या कॅमेऱ्यात आल्याच. कुणाची तक्रार नव्हती.

नवरी सासरी गेल्यावर घरची माणसं राजनंदिनीनं काय शूट केलंय ते बघायला तिच्या लॅपटॉपभोवती जमली. रईस वायरी गुंडाळत दारात थांबला. वाईट निघावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

नवरीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. म्हणून लॅपटॉपवरच्या शॉटमध्ये तुळजाबाई मंगल कार्यालयाच्या मागं तुळशीला पाणी घालत होत्या. पण मान वळवून चोरून एलईडीकडं बघत होत्या.

"काकू, सापडलात!" राजनंदिनी म्हणाली. सगळे हसले.

मग शॉटमधल्या एलईडीवर लेकीच्या जागी पुढाऱ्यांचा फेटा आला. तुळजाबाई एक पाऊल पुढं सरकल्या, जणू फेट्याआड वाकून लेक दिसेल. तांब्यातलं पाणी तुळशीऐवजी त्यांच्या पायावर पडत राहिलं. आतून "सावधान" ऐकू आलं आणि बँड वाजला.

हसणं थांबलं. "बघायचं नसतंयच म्हणा," तुळजाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

रईसला आधी वाईट वाटलं नाही. आधी मनात आलं ते असं: हा शॉट हिला का मिळाला?

"ताई, हे स्कूलात शिकवलं का?"

"काय की, रईसभाई. पयलं वर्सभर नुसतं बघायला लावत्यात. लई कटाळा येतो."

"अर्धा शॉट माझा हाय. मी कॅमेरा वळवला नसता तर तुमच्याकडं नुसती पाणी घालणारी बाई राहिली असती."

"खरंय," ती म्हणाली. "नाव टाकू का तुमचं?"

तो वायरी उचलून निघाला.

घरी समिनानं त्याचं तोंड बघून विचारलं, "जलन हो री क्या?"

"लई. वर्सभर नुसतं बघायला मिळतं तिला. स्टेज न्हाई, साहेब न्हाई." तो मोबाइल घेऊन बसला. "अर्ज करतोय."

"शिकायला जाताय का तिच्यावर जळून?"

"जळूनच. शिकणं बी होईल."

अर्ज गेला. पाटोद्याच्या पुढच्या लग्नात त्यानं सामान उतरवायच्या आधी कार्यालयाला मागून चक्कर मारली. तिथल्या तुळशीपाशी उभं राहून बघितलं. मग एलईडीवाल्या शहादेवला पडदा तिकडं फिरवायला सांगितलं.

"कावून बे? तिकडं कुणी बसत न्हाई."

"बसत न्हाई. उभं राहतंय एकजण."