शुक्राचा अस्त आणि सासूबाईंचे फोन

अमेरिकेतल्या आमच्या अर्विंगच्या घरात शुक्राच्या जाणकार दोघी होतो. एक मी, पगारी. दुसऱ्या सासूबाई, बिनपगारी आणि जास्त ठाम. शुक्राकडे गेलेल्या पहिल्यावहिल्या यानांनी पाठवलेले संदेश जुन्या टेपांवरून उतरवून साफ करायचे, हे माझं विद्यापीठातलं काम. सासूबाईंचा शुक्र पंचांगात राहायचा. खऱ्या शुक्रावरच्या उष्णतेनं शिसंसुद्धा वितळेल, उतरलेली यानं थोड्याच वेळात बंद पडली, असं मी एकदा त्यांना सांगितलं. "संसाराचा ग्रह तो," त्या म्हणाल्या, "भट्टी असणारच."

लेकीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास सासूबाईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. नातीचं लग्न बघून जायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून आम्ही धावपळ करून लवकरात लवकरची तारीख धरली, हॉल घेतला. त्यांनी चष्मा लावून पंचांग पाहिलं आणि मान हलवली. त्या तारखेला शुक्राचा अस्त होता, आणि अस्तात लग्न लावत नाहीत.

"आजी, इट्स जस्ट बिहाइंड द सन!" लेक रडकुंडीला आली. "आय वॉन्ट यू देअर."

"मी असले-नसले तरी संसार तुला करायचाय. अस्तात नको."

मी चिडलेच. त्यांची समजूत घालायला बसले आणि माझ्याच तोंडून निघून गेलं की, ग्रह सूर्यापलीकडे गेला की तिथल्या यानाला नवी आज्ञा पाठवायचं यानवालेही टाळतात. सूर्याची खरखर मिसळते, आज्ञा अर्धवट पोचली तर घोटाळा. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की मी जीभ चावली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"म्हणजे तुम्हीपण अस्त पाळता!"

"तसं नाही हो, आई."

"मग तेवढे दिवस ते यान काय करतं?"

"आधी सांगून ठेवलेलं असतं, तेच करत राहतं."

त्यांनी पंचांग मिटून ठेवलं. मग "बरं करता," एवढंच म्हणाल्या.

हॉल कॅन्सल केला. लग्न अस्तानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर करायचं ठरलं. केळवण मात्र सासूबाईंनी लगेच केलं. केळवणाला कसला आलाय मुहूर्त! खुर्चीत बसून हुकूम सोडत माझ्याकडून पुरणपोळ्या करून घेतल्या आणि लेकीला आणि होणाऱ्या जावयाला समोर बसवून आग्रहानं वाढायला लावल्या. पुढचे काही दिवस त्या सकाळी दार लोटून घेऊन भारतात फोन करत. निरोप घेताहेत, असं मला वाटलं.

शुक्राचा उदय व्हायच्या आधीच त्या गेल्या.

घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे वर्षभर शुभकार्य करत नाहीत. लेक निमूटपणे आणखी थांबायला तयार झाली. शेवटी धीर करून मी पुण्याला नवऱ्याच्या मावशींना फोन लावला. सासूबाईंची ही धाकटी बहीण रीतीभातींत त्यांच्याहून कडक. काय ऐकावं लागतंय या धास्तीनं मी चाचरतच सुरुवात केली.

"अगं, विचारतेस काय?" मावशी म्हणाल्या. "ताईनं आम्हा सगळ्यांना फोन करून दम दिलाय. मी गेले तर वर्ष पाळायचं नाही. सुतक फिटलं की पहिल्या मुहूर्ताला पोरीचं लग्न लावायचं, आणि जो नाक मुरडेल त्यानं माझ्या तेराव्याला जेवायचं नाही. मी तर तिकीटसुद्धा काढलंय."

आपल्याला ते लग्न बघायला मिळणार नाही, हे त्या बाईला कळून चुकलं होतं, आणि तरी ते वेळेवर लागावं म्हणून अंगात त्राण नसताना ती एकेकाशी भांडत बसली होती. देवानं मला अशी सासू दिली, या विचारानं मी फोन कानाला धरून रडत राहिले.